लोखंडात मोठे भोक पाडण्याचे अवजार: बनवावे की विकत घ्यावे?

शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करताना एक काम हमखास अडते. ते म्हणजे लोखंडात मोठे भोक पाडणे. हात-ड्रिलच्या चकमध्ये साधारणतः १३ मिमीपर्यंतचेच ड्रिल बसते. त्यापुढचे भोक हवे असले की गॅस कटर किंवा वेल्डिंगच्या रॉडने लोखंड जाळून भोक केले जाते. पाइप ओवायचा असेल तर असे भोक चालते. जेथे पिन ओढ घेते किंवा बेअरिंग बसते, तेथे ते धोक्याचे ठरते. जळालेल्या भोकाची कड खडबडीत असते. पिन संपूर्ण गोलाईवर न टेकता दोन-तीन उंचवट्यांवर टेकते. सारा भार तेवढ्याच जागी आल्याने भोक लांबट होते आणि पिन झिजते. उसाने भरलेल्या ट्रॉलीची पिन रस्त्यात तुटली, तर नुकसान पिनेच्या किमतीएवढेच राहत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून अवजार निवडण्यापूर्वी भोक कशासाठी हवे आहे हे ठरवावे. तेवढे स्पष्ट झाले की बनवायचे, विकत घ्यायचे की लेथवाल्याकडून करून घ्यायचे, याचे उत्तर सहज मिळते.

केम परिसरातील गरज

करमाळा तालुक्यातील केम हे कुंकू उत्पादनासाठी ओळखले जाणारे गाव आहे. सोलापूर-पुणे लोहमार्गावर येथे स्थानक आहे. तालुक्यात ऊस व केळीबरोबर ज्वारी, तूर, उडीद आणि कांदा ही पिके घेतली जातात. त्यामुळे ट्रॅक्टरची अवजारे, ट्रॉली, पंप, लोखंडी पाइपलाइन, मळणी यंत्र आणि दळणाची यंत्रे अशा सर्वांच्याच दुरुस्तीची गरज पडते. मोठ्या भोकाची कामे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

• ट्रॉलीची जोडणी, पलटी नांगर व कल्टिव्हेटरची झिजलेली पिन-भोके
• मळणी यंत्र किंवा दळण यंत्राच्या चौकटीत बेअरिंगची जागा
• पाण्याच्या टाकीला किंवा ठिबकच्या हेडरला पाइप जोडण्याचे भोक
• स्टार्टरच्या पेटीत केबल घेण्याचे भोक
• फ्लँज, पुली किंवा चकतीचे मधले भोक

ही पाचही कामे एकाच अवजाराने करणे शक्य नाही.

आधी भोकाचा दर्जा ओळखा

१) ओवण्याचे भोक: यातून पाइप, केबल किंवा बोल्ट फक्त आरपार जायचा असतो. एक-दोन मिमी कमी-जास्त चालते. होल सॉ किंवा फ्लाय कटर पुरेसा होतो. नंतर वेल्डिंग करायचे असेल, तर गॅस कटरचे भोकही चालते.

२) पिनेचे भोक: येथे पिन हलते आणि ओढ घेते. भोक गोल, गुळगुळीत आणि पिनेपेक्षा सुमारे अर्धा मिमी मोठे असावे. दोन पट्ट्यांतील भोके एका रेषेत असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. यासाठी ब्रोच कटर किंवा बोअरिंग बार लागतो.

३) बेअरिंगचे भोक: येथे अचूकता सर्वांत जास्त लागते. उदाहरणार्थ, ६२०५ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी असतो. त्याच्या जागेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एच-७ मापात भोक ५२.०० ते ५२.०३ मिमी एवढेच असावे लागते. ०.०३ मिमी म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. हात-ड्रिल व होल सॉने हे माप मिळत नाही. हे काम लेथ किंवा बोअरिंग मशीनवरच करावे.

तिसऱ्या प्रकारात एक सोपी वाट आहे. शक्य असेल तेथे बेअरिंगची जागा कोरण्याऐवजी तयार पेडेस्टल ब्लॉक बोल्टने बसवावा. यूसीपी २०६ या ब्लॉकमध्ये ३० मिमीचा शाफ्ट बसतो. त्यासाठी चौकटीत फक्त दोन बोल्टची भोके पाडावी लागतात. पुढे बेअरिंग खराब झाले तर ब्लॉकसह बदलता येते.

माप घेताना होणारी गफलत

पाइपसाठी भोक पाडताना नावाच्या मापावर विसंबू नये. लोखंडी पाइपचे इंची नाव आणि प्रत्यक्ष बाहेरचा व्यास यांत फरक असतो.

• १ इंची लोखंडी पाइप: बाहेरून सुमारे ३३.७ मिमी
• दीड इंची: सुमारे ४८.३ मिमी
• २ इंची: सुमारे ६०.३ मिमी
• अडीच इंची: सुमारे ७६.१ मिमी
• ३ इंची: सुमारे ८८.९ मिमी

२ इंची पाइपसाठी ५० मिमीचा होल सॉ आणला, तर पैसे वाया जातात. पीव्हीसी व एचडीपीई पाइपची ६३, ७५, ९०, ११० ही मापे मात्र बाहेरच्या व्यासाचीच असतात. पाइप सोबत नेऊन व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच कटर घ्यावा.

ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीतही दोन मापे प्रचलित आहेत. पहिल्या श्रेणीत खालच्या जोडणीची पिन २२ मिमीची आणि वरच्या जोडणीची १९ मिमीची असते. दुसऱ्या श्रेणीत ही मापे सुमारे २८ मिमी आणि २५ मिमी होतात. भोक झिजले म्हणून मनाने मोठे करून जाड पिन घालू नये. मग दुसरे अवजार त्या ट्रॅक्टरला बसत नाही. भोक भरून मूळ मापावर आणणे हाच योग्य उपाय आहे.

विकत मिळणारी अवजारे

होल सॉ: वाटीच्या आकाराची ही गोल करवत असते. मध्ये पायलट ड्रिल असते. ती सगळे लोखंड न कापता फक्त एक कडे कापते आणि मधली चकती अखंड बाहेर काढते. ५० मिमीच्या भोकात २ मिमी रुंदीचे कडे कापले, तर पूर्ण भोक कोरण्याच्या तुलनेत सुमारे सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढेच लोखंड कापावे लागते. लहान मशीनवर मोठे भोक होते ते यामुळेच. लोखंडासाठी बायमेटल होल सॉ घ्यावा. लाकडासाठीचा स्वस्त पत्र्याचा संच लोखंडावर टिकत नाही. बायमेटल सॉची खोली साधारणतः ३८ मिमी असते. धरणी, म्हणजे आर्बर, वेगळी घ्यावी लागते. ३० मिमीपर्यंत लहान आणि ३२ मिमीपासून पुढे मोठी आर्बर लागते. कार्बाइड दातांचा, म्हणजे टीसीटी सॉ स्टेनलेस स्टीललाही चालतो. मात्र धक्का बसला की त्याचे दात उडतात.

स्टेप ड्रिल: पायऱ्या असलेला शंकूच्या आकाराचा ड्रिल. स्टार्टरची पेटी, पातळ पत्रा व प्लास्टिकसाठी उत्तम. जाड पट्टीसाठी उपयोगाचा नाही.

ब्रोच कटर व मॅग्नेटिक ड्रिल: हाही कड्याच्या आकारातच कापतो, पण त्याचे दात जाड व मजबूत असतात. भोक सरळ आणि गुळगुळीत येते. मशीन चुंबकाने पट्टीला चिकटते, त्यामुळे ट्रॉलीखाली किंवा उभ्या चौकटीवरही काम करता येते. पातळ पत्र्यावर चुंबकाची पकड कमी पडते. मशीन महाग असल्याने एकट्या शेतकऱ्याने घेण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याने, अवजार बँकेने किंवा शेतकरी गटाने घ्यावे.

टेपर शँकचा मोठा ड्रिल: लेथ किंवा मोठ्या पिलर ड्रिलवर चालतो. आधी लहान, मग मधला, मग मोठा असा क्रम ठेवावा. हात-ड्रिलमध्ये बसवण्यासाठी मोठ्या ड्रिलची शँक घासून बारीक करू नये. मशीनची ताकद पुरत नाही आणि मनगटाला झटका बसतो.

वेगाचे गणित

कटर जळण्याचे मुख्य कारण जास्त वेग हे असते. व्यास वाढला की कडेचा वेग वाढतो, म्हणून फेरे कमी करावे लागतात. साध्या लोखंडासाठी हायस्पीड स्टीलच्या व बायमेटल कटरकरिता हे सोपे सूत्र वापरावे.

मिनिटाला फेरे = ६४०० ÷ भोकाचा व्यास (मिमी)

• २५ मिमी: सुमारे २५० फेरे
• ४० मिमी: सुमारे १६० फेरे
• ५० मिमी: सुमारे १३० फेरे
• ६३ मिमी: सुमारे १०० फेरे
• ७६ मिमी: सुमारे ८५ फेरे
• १०० मिमी: सुमारे ६५ फेरे

घरी बनवलेल्या एकपाती कटरसाठी याच्या निम्मेच फेरे ठेवावेत. टीसीटी कटरचा वेग उत्पादकाने डब्यावर दिलेला असतो, तो पाळावा.

अनेक लहान पिलर ड्रिलचा कमीत कमी वेगच मिनिटाला काहीशे फेऱ्यांचा असतो. अशा मशीनवर ७५ किंवा १०० मिमीचा कटर लावला, तर तो निळा पडून बोथट होतो. मशीन घेताना कमाल वेगाऐवजी किमान वेग विचारावा. लेथला बॅक गिअर असल्याने तेथे हवे तेवढे कमी फेरे मिळतात. मोठ्या भोकांसाठी लेथवाल्याकडे जावे लागते त्यामागे हेही एक कारण आहे.

बनवता येणारे पहिले अवजार: फ्लाय कटर

वेगवेगळ्या मापांची ओवण्याची भोके लागत असतील, तर प्रत्येक मापाचा होल सॉ घेण्याऐवजी एक फ्लाय कटर बनवून घेता येतो. रचना कंपासपेटीतल्या कंपाससारखी आहे. मध्ये टोक आणि बाजूला कापणारे पाते. गावातील लेथवर तो तयार होतो.

• मुख्य अंग: ईएन-८ पोलादाचा ४० मिमी व्यासाचा, सुमारे १०० मिमी लांबीचा गोळ. वरचे टोक मशीनच्या टेपरप्रमाणे किंवा चकच्या मापाचे करावे. चकमध्ये घसरू नये म्हणून त्यावर तीन सपाट बाजू घासाव्यात.
• मधले टोक: १० मिमीची गुळगुळीत पोलादी पिन. पट्टीत आधी याच मापाचे भोक पाडायचे आणि पिन त्यात फिरू द्यायची.
• आडवा हात: १२ मिमी चौरस पट्टी. ती अंगातील आडव्या भोकातून सरकवता यावी आणि दोन ग्रब स्क्रूंनी घट्ट व्हावी.
• पाते: ८ मिमी चौरस हायस्पीड स्टीलची टूल बिट. कापणारी कड सुमारे ३ मिमी रुंद ठेवावी.

पात्याला धार लावताना एक बारकावा आहे. पाते गोल चरीत फिरते, त्यामुळे त्याच्या मागच्या भागाला चरीची बाहेरची भिंत घासते. म्हणून बाहेरच्या बाजूने पाते जास्त उतरते घासावे. भोक जितके लहान, तितका हा उतार जास्त हवा. आतल्या बाजूला थोडा उतार पुरतो. हा उतार दिला नाही, तर धार चांगली असूनही पाते कापत नाही आणि चर्रर आवाज करते.

पट्टी आरपार कापली जाताना पाते शेवटी अडकते आणि झटका देते. त्यामुळे निम्मी जाडी एका बाजूने कापावी, पट्टी उलटावी आणि उरलेली दुसऱ्या बाजूने कापावी. मधले भोक आरपार असल्याने केंद्र तेच राहते. फ्लाय कटर कधीही हात-ड्रिलमध्ये लावू नये. तो फक्त पिलर ड्रिल, मिलिंग मशीन किंवा लेथवरच चालवावा.

बनवता येणारे दुसरे अवजार: दोन टोकांना आधार असलेला बोअरिंग बार

झिजलेल्या पिन-भोकांसाठी हे अवजार सर्वांत उपयोगी आहे. नांगराची किंवा ट्रॉलीची चौकट लेथवर चढवता येत नाही. म्हणून बारच चौकटीपाशी न्यायचा.

यामागचे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन याने १७७५ च्या सुमारास जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरण्यासाठी बार सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. एका टोकाला धरलेला बार दुसऱ्या टोकाला लवतो व भोक वाकडे होते. दोन्हीकडे आधार असला की भोक सरळ येते. आजही जागेवर केलेले लाइन बोअरिंग याच पद्धतीने चालते.

साहित्य: ३० मिमीचा सरळ, गुळगुळीत शाफ्ट, त्याला बसणारे दोन बेअरिंग ब्लॉक, शाफ्टमध्ये ८ किंवा १० मिमीचे आडवे भोक, त्यात हायस्पीड स्टीलचे पाते, पाते आवळण्यासाठी ग्रब स्क्रू, फिरवण्यासाठी कमी फेऱ्यांची गिअर मोटर किंवा हँडल आणि बार पुढे सरकवण्यासाठी आटे असलेला रॉड. बार पुढे सरकवायचा असल्याने तो ब्लॉकमध्ये घट्ट न आवळता घसरता ठेवावा.

कामाचा क्रम:

१) भोक भरण्यापूर्वी मूळ केंद्र शोधावे. भोकाचा न झिजलेला भाग प्रमाण मानावा आणि पट्टीच्या दोन सरळ कडांपासून केंद्राचे अंतर लिहून ठेवावे.
२) झिजलेले भोक वेल्डिंगने भरून घ्यावे. वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा. विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होते. अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असेल, तर बॅटरीची जोडणी आधी सोडावी.
३) लोखंड पूर्ण थंड झाल्यावर बार ओवावा आणि दोन्ही ब्लॉक केंद्रावर आणून टाक्याने पक्के करावेत.
४) प्रत्येक फेरीत पाते सुमारे अर्धा मिमी बाहेर काढून कापावे. शेवटची फेरी ०.१ मिमीची ठेवावी. पाते ०.१ मिमी बाहेर काढले की व्यास ०.२ मिमीने वाढतो, हे लक्षात ठेवावे.
५) काम झाल्यावर टाके घासून काढावेत व भोकाची कड मोडावी.

पाते नेमके किती बाहेर ठेवायचे हे मायक्रोमीटरने ठरवता येते. शाफ्टच्या पाठीपासून पात्याच्या टोकापर्यंतचे माप पुढीलप्रमाणे असावे.

माप = (हवे असलेले भोक + शाफ्टचा व्यास) ÷ २

उदाहरणार्थ, ५२ मिमीचे भोक आणि ३० मिमीचा शाफ्ट असेल, तर माप ४१ मिमी. अंदाजाने ठोकून पाते बसवण्यापेक्षा या पद्धतीने वेळ वाचतो.

भोक वारंवार झिजत असेल, तर ते मोठे कोरून त्यात लेथवर केलेला बुश बसवावा. पुढच्या वेळी फक्त बुश बदलावा लागतो. बुश वेल्ड करणार असाल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो आवळतो. त्यामुळे आतून थोडे माप राखून ठेवावे आणि वेल्डिंगनंतर शेवटचा हात फिरवावा.

धातूनुसार बदल

• साधे लोखंड: कटिंग ऑईल द्यावे. तेल दिल्याने कटर गार राहतो व किस सहज बाहेर येतो.
• बीड (ओतीव लोखंड): कोरडेच कापावे. त्याची पूड पडते, तेल लावल्यास चिखल होतो.
• स्टेनलेस स्टील: कमी वेग आणि सलग दाब. कटर नुसता घासत राहिला तर ती जागा कडक होते आणि पुढे कापत नाही.
• अ‍ॅल्युमिनियम: रॉकेल किंवा पातळ तेल. किस दातांत चिकटू देऊ नये.
• कमानपाटे, रोटाव्हेटरची पाती: हे कडक केलेले पोलाद आहे. साधा ड्रिल त्यावर चालत नाही. कार्बाइड कटर लागतो. तापवून मऊ करून भोक पाडले, तर त्या जागचा कडकपणा जातो आणि पाते लवकर वाकते. शक्यतो योग्य भोकाचे तयार पातेच घ्यावे.

घ्यावयाची काळजी

• पट्टी हाताने किंवा पायाने धरू नये. शिकंजा किंवा क्लॅम्पने पक्की करावी. कटर अडकला की पट्टीच पात्यासारखी फिरते.
• हात-ड्रिलला बाजूचे हँडल लावल्याशिवाय होल सॉ वापरू नये.
• फिरत्या मशीनवर हातमोजे घालू नयेत. उपरणे, टॉवेल, पदर, सैल बाही आवरून घ्यावी. डोळ्यांना चष्मा लावावा.
• किस हाताने ओढू नये, ब्रशने काढावा. मशीन बंद करूनच काढावा.
• डिझेल, पेट्रोल किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या पिंपावर ड्रिल, ग्राइंडर वा गॅस चालवू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.
• जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर घातक असतो. मुलामा आधी घासून काढावा व उघड्यावर काम करावे.
• शेतातील जोडणीवर मशीन चालवताना अर्थिंग तपासावे. कमी दाबाच्या विजेवर मोटर तापते. अशा वेळी मोठे भोक हाती घेऊ नये.

निर्णय कसा घ्यावा

• वर्षाला एक-दोन भोके: अवजार घेऊ नये. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, बार्शी अशा जवळच्या गावातील लेथ किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून काम करून घ्यावे. सोबत पिन, पाइप किंवा बेअरिंग न्यावे. तोंडी माप सांगू नये.
• एकाच मापाची अनेक भोके, १० मिमीपर्यंत जाडी: त्या मापाचा एक चांगला बायमेटल होल सॉ घ्यावा. स्वस्त दहा-बारा नगांच्या संचापेक्षा लागणारी दोन मापे चांगल्या प्रतीची घेणे फायद्याचे.
• वेगवेगळी मापे आणि पिलर ड्रिल हाताशी: फ्लाय कटर बनवून घ्यावा.
• अवजारांची पिन-भोके वारंवार झिजत असतील: गटाने मिळून बोअरिंग बार बनवावा किंवा मॅग्नेटिक ड्रिल घ्यावे.
• बेअरिंगची जागा: पेडेस्टल ब्लॉक वापरावा, नाहीतर लेथवर करून घ्यावे.

विकत घेताना हिशेब साधा ठेवावा. अवजाराच्या किमतीला एका भोकाच्या मजुरीने भागावे. जेवढा आकडा येईल, तेवढी भोके दोन वर्षांत होणार असतील तरच अवजार घ्यावे. मजुरीत जाण्या-येण्याचा खर्च आणि हंगामात ट्रॅक्टर उभा राहण्याचा दिवसही धरावा.

ऊस तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉली व ट्रॅक्टरच्या सर्व पिन काढून पाहाव्यात. पिनेवर खाच पडली असेल किंवा भोक लांबट झाले असेल, तर काम तेव्हाच करून घ्यावे. पिन बसवल्यावर तिला ग्रीस द्यावे आणि लिंच पिन किंवा स्प्लिट पिन लावल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर नेऊ नये.